खाली केलेली गाडी आणि आठ मिनिटांचं अलाइनमेंट

आधीच कबूल करतो, गाडी मी हौसेनेच खाली केली. 2014 ची स्विफ्ट, 15 इंची रिम, स्प्रिंगा बदलून साधारण 35 मिलिमीटर खाली. घरी बोलणी खाल्ली. पुण्यातले स्पीडब्रेकर बघता ती योग्यच होती. पण हे लिहितोय ते टायरसाठी आणि गेलेल्या 5700 रुपयांसाठी.

स्प्रिंगा बदलल्या की अलाइनमेंट करायलाच लागतं, एवढं मला माहीत होतं. सस्पेन्शन खाली बसलं की पुढच्या चाकाचा कॅम्बर मायनसमध्ये जातो, म्हणजे चाकाचा माथा आत झुकतो, आणि टाय रॉडचा, म्हणजे स्टीअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा, कोन बदलल्यामुळे टोसुद्धा हलतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळते. पुढे दोन नवे टायर टाकले आणि त्याच आठवड्यात एका चकचकीत दुकानात गेलो. थ्रीडी मशीन, काचेपलीकडे एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी. ही कॉफी मला फार महागात पडली.

दहा मिनिटांत पोऱ्या बोलवायला आला. स्क्रीनवर सगळं लाल. पुढचं डावं चाक कॅम्बर मायनस 2 अंश 50 मिनिटं (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग)! "सर, गाडी लो केलीय ना, चारही चाकांचा कॅम्बर आउट आहे. असंच ठेवलं तर महिन्यात टायर खाईल." मी घाबरलो. कॅम्बर करेक्शन चार चाकांचं 2600, पुढे शॉकअपला दोन कॅम्बर बोल्ट, म्हणजे कॅम्बर फिरवता येईल असे, 2500, अलाइनमेंट 600. मी हो म्हणालो आणि परत कॉफीकडे गेलो. निघताना हातात दोन प्रिंट दिले, आधीचा लाल, नंतरचा हिरवागार. बिल मात्र साध्या कागदावर, जीएसटी नंबरचा पत्ता नाही. स्टीअरिंग किंचित डावीकडे वाकडं राहत होतं, पण हिरवा कागद बघून मी मनाची समजूत घातली.

2800 किलोमीटरनंतर टायरची आतली कड बघितली तर तारा दिसायला लागलेल्या.

या वेळी नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी मशीनआधी टायरवरून तळहात फिरवला, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. "तुम्ही फिरवा." एका बाजूने गुळगुळीत, उलट्या बाजूने करवतीचे दात. "कॅम्बरने खाल्लं तर कड सपाट झिजते. हे दात टोमुळे." मग गाडी खड्ड्यावर घेऊन टाय रॉडवर टॉर्च मारला. लॉकनटवर पावसाळ्यातला चिखल वाळून पापडासारखा बसलेला, नट आणि रॉडच्या सांध्यावर एक अखंड थर. एक भेगसुद्धा नाही.

"टो लावायचा तर आधी हा नट सैल करावा लागतो. हा हललाच नाहीये साहेब."

पुढे शॉकअपचे दोन्ही बोल्ट कंपनीचेच निघाले. 2500 चे कॅम्बर बोल्ट कुठल्या गाडीला लागले ते देव जाणे. आणि मागचं तर विचारूच नका. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, आहे, त्यावर कॅम्बर फिरवायला बोल्टच नसतो. फार तर चाकाच्या स्पिंडलमागे शिम, म्हणजे पातळ चकती, घालतात, तीही चाक आणि ब्रेकचा पसारा उघडून. माझ्याकडून त्या दोन चाकांचे 1300 घेतले होते.

घरी येऊन दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले. लाल कागदावर वेळ 12:41, हिरव्यावर 12:49. आठ मिनिटांत दोन बोल्ट आणि चार चाकांचा कॅम्बर! हिरव्या कागदावर गाडीचं मॉडेलही भलतंच, आणि डाव्या-उजव्या चाकांचे आकडे मिनिटापर्यंत सारखे. दहा वर्षं खड्ड्यांत फिरलेली गाडी इतकी सरळ नसते.

मग ते मायनस 2 अंश 50 आलं कुठून? स्क्रीनचा फोटो मी मित्रांना पाठवायला काढला होता, त्यात मागे चाक दिसत होतं. मशीनसाठी चाकाला लावलेल्या क्लॅम्पचा एक पंजा रिमच्या कडेवर नाही, टायरच्या रबरावर टेकलेला. क्लॅम्प तिरका बसला तरी गाडी थोडी मागे-पुढे ढकलली की मशीन तो फरक वजा करतं. म्हणून त्या दुकानात ढकललीच नाही. काकांनी ढकलून मोजलं तेव्हा डावीकडे मायनस 1 अंश 15 निघालं, उजवीकडे 1 अंश 5. रस्त्यावरच्या खाली केलेल्या गाडीला हे चालतं, दोन्ही बाजू जवळपास सारख्या असल्या की झालं. टो मात्र रिमवर एकूण 5 मिलिमीटर बाहेर. हिशोब केला तर प्रत्येक टायर किलोमीटरमागे साडेसहा मीटर आडवा घासत होता. 2800 किलोमीटरमध्ये अठरा किलोमीटर आडवे! काकांनी स्टीअरिंग सरळ लॉक केलं, टो शून्याजवळ आणला आणि 500 रुपये घेतले.

दुकानात परत गेलो तर मॅनेजर हसत म्हणाला, "लो गाडी आहे सर, टायर खाणारच." आवाज चढवल्यावर हळूच पुढे, "तक्रार करा ना, पण गाडी आरटीओत चालते का ही?" इथे खरी मेख आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याविषयीचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकालही आहे, आणि माझी बाजू तिथे लंगडी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गाडी खाली केलेला माणूस आधीच ओशाळलेला असतो. त्याला काहीही सांगा, तो स्वतःलाच दोष देतो. पण न लावलेल्या बोल्टचे पैसे घेणं ही माझ्या स्प्रिंगांची चूक कशी?

फोटो टेबलावर ठेवले आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर त्याच्यासमोर फोनवर दाबला. रिंग जायच्या आत 2500 यूपीआयने परत आले. बाकीच्या पैशांसाठी आणखी दोन चकरा मारल्या, त्या फुकट गेल्या. पक्कं बिल आधीच मागितलं असतं तर माझी बाजू एवढी कच्ची पडली नसती.

आता अलाइनमेंटला जायच्या आदल्या रात्री बायकोच्या लाल नेलपॉलिशने लॉकनटवर आणि शॉकअपच्या बोल्टवर एकेक आडवी रेघ मारतो, नट आणि रॉड दोन्हींवरून जाईल अशी. कॉफी घेत नाही, खड्ड्याशी उभा राहतो. परवा एका नव्या दुकानातल्या पोराने ती रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता गाडी मागे ढकलायला लागला.