दर्यापुरातलं कॉलेजमागचं पाळणाघर, दहा महिन्यांचा अनुभव

माझी ओवी आता सव्वादोन वर्षांची आहे आणि मी बीएस्सी फायनलला, सहाव्या सेमिस्टरचे पेपर चालू आहेत, तीन झाले दोन राहिले. अभ्यास सोडून हे लिहायला बसले कारण जूनमध्ये ऍडमिशन सुरू होतील आणि आमच्या भागातल्या कितीतरी पोरी फक्त "लेकरू कोणाजवळ ठेवू" या एका प्रश्नापायी फॉर्मच भरणार नाहीत. माझ्यासोबतच्या दोघींनी सेकंड इयरला असंच सोडलं. मीपण सोडणारच होते.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरपासून १४ किलोमीटर. घरी कोरडवाहू शेती, कापूस, तूर, हरभरा. कापसाची वेचणी लागली की घरात म्हणून कोणी सापडत नाही, सासूबाई सकाळी सातलाच वावरात, हे तर त्याच्याही आधी. अंगणवाडीत पोरांना बसवतात ते ३ वर्षांची झाल्यावर, त्याआधी घरी पोषण आहार मिळतो तेवढाच. म्हणजे दीड-दोन वर्षांच्या लेकराला दिवसा ठेवायला गावात जागाच नाही. थेअरीचं एक वेळ चालून जातं, मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घेता येतं, पण केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल कोणी आपल्या वाट्याचं करून देत नाही आणि ७५ टक्के हजेरी लागतेच.

या पाळणाघराआधी मी एक दुसरी जागा पाहिली होती, नाव लिहीत नाही. बाहेरून भिंतीवर कार्टून काढलेले, घसरगुंडी, सगळं छान. चौथ्या दिवशी मी लेक्चर सुटलं म्हणून तासभर आधी गेले तर ओवी ओल्या चड्डीत टीव्हीसमोर बसलेली, रडत नव्हती, नुसती बसलेली. दीड वर्षाचं लेकरू ओलं झाल्यावर रडत नाही म्हणजे ते रडून थकलेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं आणि पंधरा दिवस मी कॉलेजलाच गेले नाही.

मग लॅबमधल्या ताईंनी हे पाळणाघर चालवणाऱ्या मावशींचं सांगितलं. कॉलेजच्या मागच्या बाजूला, चालत पाच-सहा मिनिटांवर स्वतःचं घर आहे, पुढची मोठी खोली आणि पडवी लेकरांसाठी. बोर्ड नाही. नाव-नंबर इथं टाकत नाही, मावशींनीच नको म्हटलं, लेडीज कॉमन रूममध्ये कोणालाही विचारा, घेऊन जातील.

पहिल्या दिवशी मावशींनी पैशाचं काढलंच नाही, आधी लसीकरणाचं कार्ड मागितलं. मी नेलंच नव्हतं, तर म्हणे घेऊन ये. दुसऱ्या दिवशी कार्ड नीट पाहून त्यांनीच सांगितलं की डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो, हिचा राहिला आहे. मी उपकेंद्रात जाऊन दोन्ही घेतले. मग विचारलं, झोपते कधी, काय काय खाते, कशानं अंगावर पुरळ येते का, दूध चालू आहे का. दूध चालू होतं. मी जरा लाजतच सांगितलं, कारण घरी आणि शेजारी सगळे म्हणत होते की आता वर्ष झालं, तोड. मावशी म्हणाल्या, "कायले तोडतं वं माय? दोन वर्स पाजलं तं लेकराले चांगलंच. मधल्या सुट्टीत येत जाय." जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि नंतर वरच्या जेवणासोबत २ वर्षं किंवा त्याहून जास्त.

तर साडेअकराच्या सुट्टीत मी पळत जायचे. स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यात साडीचा पडदा लावून त्यांनी एक पाट ठेवलेला आहे, तिथं बसून पाजायचं आणि परत पळायचं. ज्या आया लहान लेकरू सोडून कॉलेजला जातात त्यांना माहीत आहे अकरा वाजले की छाती कशी भरून येते, ठणकते, ड्रेस ओला होतो आणि बाजूला पोरं बसलेली असतात. त्या वीस मिनिटांसाठी पडद्यामागची ती जागा मिळाली नसती तर मी पहिल्याच महिन्यात हरले असते. यासाठी त्यांनी कधी वेगळे पैसे घेतले नाहीत.

फी सांगते. अर्धा दिवस, म्हणजे साडेनऊ ते दोन, महिन्याला १२०० रुपये, जेवण धरून. पाचपर्यंत ठेवलं तर १८००. मी अर्ध्या दिवसाचे देते आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी चारपर्यंत ठेवते, त्याचे दिवसाचे ३० रुपये वर. आमच्यासारख्या घरात १२०० रुपये कमी नाहीत. पण मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं आणि ५ वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागतच नाही, त्यामुळं जाण्यायेण्याचं ओझं हलकं झालं आणि तेच पैसे इकडे लागले.

जेवण. याबद्दल सविस्तर सांगते कारण सासूबाईंचा सगळा विरोध याच्यावरच होता, परक्या घरचं अन्न लेकराला सोसत नाही म्हणून. एक दिवस त्या स्वतःच आल्या आणि पडवीत तासभर बसून राहिल्या. मावशींनी मुगाच्या डाळीची खिचडी केली होती, वरून तूप. सासूबाईंनी ताटलीतलं एक शित उचललं आणि बोटांत दाबून पाहिलं, एकदा, दोनदा. मग काही न बोलता ओवीला स्वतःच भरवायला लागल्या. घरी आल्यावर म्हणे, "भात चांगला मऊ शिजोते ते बाई." त्या दिवसानंतर विषय संपला. खिचडी, वरण-भात, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकर, कधी कण्या. शेंगदाणे, फुटाणे मात्र मावशी कोणाच्याच डब्यात चालू देत नाहीत, एकीनं मुरमुऱ्यात शेंगदाणे टाकून आणले होते तर तिच्यासमोरच सगळे निवडून काढले. एवढ्या लहान लेकराच्या घशात अख्खा दाणा अडकला तर श्वासच कोंडतो, हे मला कॉलेजात झुऑलॉजी शिकून सुचलं नव्हतं, त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

पाणी. आमचा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, बाहेरचं कोणी आलं की पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतं. मावशी नळाचं पाणी उकळून, गार करून माठात भरतात, आणि माठावर लांब दांड्याचं वगराळं लटकवलेलं आहे, कोणाचाच हात किंवा पेला आत जात नाही. वापरायच्या पाण्याची टाकी वेगळी, तिच्यावर जड झाकण आणि झाकणावर दगड. तो दगड पाहून मला बरं वाटलं होतं, रांगतं-चालतं लेकरू आणि उघडी टाकी ही जोडी किती वाईट असते ते खेड्यात सगळ्यांना माहीत आहे.

तसंच कूलरचं. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ डिग्री, आणि विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. कूलरशिवाय लेकरू झोपणं शक्य नाही, आणि कूलरच्या पत्र्यात करंट उतरून दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं वाईट झाल्याचं ऐकतोच आपण. इथं कूलर खिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँडवर आहे, खिडकीला आतून जाळी आणि बटण वर, लेकरांचा हात पोचत नाही. पाणी भरायचं तर आधी प्लग काढतात. माझ्या ह्यांनी पहिल्याच दिवशी टेस्टर लावून पत्र्यात करंट उतरतो का ते तपासलं, मावशींनी रागही धरला नाही, उलट म्हणे पुढच्या महिन्यात पण पाहून जाजा भाऊ.

टीव्ही नाही. मोबाईल लेकरांच्या हातात देत नाहीत. सुरुवातीला ओवी रडायची कारण घरी स्वयंपाक करताना मीच तिला मोबाईल लावून देत होते, माझंच चुकत होतं. मावशींनी तिला पाटी आणि खडू दिला. त्याच्याआधी आमच्याकडे एक प्रकार झाला होता, बॉटनीची प्रॅक्टिकल फाईल सर्टिफाय करायच्या आदल्या रात्री ओवीनं निळ्या पेनानं मक्याच्या खोडाच्या आकृतीवर गोल गोल काढून ठेवलं, अकरा पानं. मी रात्री दोनपर्यंत ती पानं परत काढली आणि रडले. आता ती पाटी मागते, माझ्या वहीला हात लावत नाही, निदान रोज तरी नाही.

आता परीक्षेचं सांगते, ज्याच्यासाठी मी हे पाळणाघर कोणालाही डोळे झाकून सांगेन. टाईमटेबल लागलं की मावशी झेरॉक्स मागतात. भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याच्या बाजूला आम्हा तिघींची टाईमटेबलं चिकटवलेली, कोणाचा पेपर कधी ते लाल पेनानं गोल करून. पेपरच्या दिवशी साडेनऊऐवजी आठला दार उघडतात. हॉलमध्ये मोबाईल नेता येत नाही, म्हणून त्यांनी ठरवून ठेवलं आहे की काही झालंच तर त्यांचा मुलगा कॉलेजच्या गेटवर येऊन वॉचमनकाकांना सांगेल आणि काका हॉलपर्यंत निरोप देतील. काकांशी त्यांनी स्वतः जाऊन बोलून ठेवलं होतं, मला नंतर कळलं. अजूनपर्यंत निरोप यायची वेळ आली नाही, पण तो येऊ शकतो एवढं माहीत असल्यानंच तीन तास डोकं पेपरात राहतं. पाचव्या सेमिस्टरला टायट्रेशनच्या (थेंब-थेंब द्रावण सोडून रंग बदलेपर्यंत मोजायचं प्रॅक्टिकल) वेळी माझं सगळं लक्ष दाराकडे असायचं, फिकट गुलाबी रंग आला की थेंब बंद करायचे तर माझं दरवेळी गडद गुलाबी होऊन जायचं आणि रिडींग जुळायचं नाही. यावेळी प्रॅक्टिकल परीक्षेत सलग तीन रिडींग जुळले. बाहेर येऊन पहिले मावशींना फोन केला. "ते झोपली हाय, तू आधी काई खाऊन घे," एवढंच बोलल्या.

आता जे पटलं नाही ते पण सांगते. घराची पायरी उंच आहे, कठडा नाही, ओवी एकदा तिथं पडली, ओठ फुटला. मावशींनी लगेच बर्फ लावला, मला खोटं काही सांगितलं नाही, पण पायरी अजून तशीच आहे, मी दोनदा बोलले. इन्व्हर्टर नाही, दुपारी लाईट गेली की लेकरं घामाघूम होतात, मग ओला टॉवेल खिडकीला लावून काम भागवतात. महालक्ष्म्यांचे तीन दिवस पूर्ण बंद, त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात, आणि नेमकी माझी इंटर्नल त्यात आली होती, तेव्हा ओवीला घेऊन माझी आई व्हरांड्यात बसली होती. जागा एकूण ९ लेकरांचीच, मावशी आणि त्यांच्या शेजारच्या एक काकू मिळून बघतात, दहावं घेत नाहीत, म्हणून जुलैमध्ये जाल तर "नाही" ऐकावं लागेल.

आणि ताप असला तर दारातूनच परत. मला एकदा असंच परत पाठवलं, सकाळी पावणेदहाला, बस धरून १४ किलोमीटर आलेली, दहाला प्रॅक्टिकल. "माय, ताप हाय तिले, बाकीच्या लेकराईले लागन." त्या दिवशी मला फार राग आला होता, रस्त्यात रडले. नंतर दोन महिन्यांनी गावभर खोकल्याची साथ होती आणि त्या नऊ लेकरांत दोघांनाच झाला, ओवीला नाही. तरी ज्या दूरच्या गावाहून येतात त्यांनी सकाळी निघायच्या आधी लेकराच्या अंगाला हात लावून बघावं आणि फोन करूनच निघावं.

कॉलेजबद्दल एक गोष्ट, माझ्यासारखीला माहीत नसते म्हणून लिहिते. डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलं आहे की पदवीच्या मुलींसाठीही बाळंतपणाच्या सुट्टीचे नियम करा आणि हजेरी, परीक्षा फॉर्मची तारीख यात सूट द्या. पत्र आहे म्हणून सूट आपोआप मिळते असं नाही, पण अर्जात त्याचा उल्लेख करा, डिलिव्हरीचे कागद जोडा आणि अर्जाची पोच घ्या. मला कोणी सांगितलं नव्हतं, फर्स्ट इयरला मी हजेरी कमी पडल्याचा दंड भरला. कर्मचाऱ्यांसाठी २०१७ पासून कायदा आहे की ५० किंवा जास्त लोक असतील तिथं पाळणाघर पाहिजे, पण शिकणाऱ्या आया त्यात कुठं बसत नाहीत. एवढ्या मोठ्या कॉलेजात एक खोली निघायला हरकत नाही. निघेपर्यंत मावशी आहेत.

जायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात जा, लसीचं कार्ड न्या, आणि लेकराला सोबत घेऊन दुपारी बाराच्या सुमारास जा, तेव्हा जेवणं चालू असतात, सगळं डोळ्यांनी दिसतं. पहिले तीन दिवस तासा-तासानं वाढवत ठेवायला लावतात, एकदम पूर्ण वेळ घेत नाहीत, म्हणून लेक्चर सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच सुरू करा. दोन चड्ड्या, एक जुना सुती फ्रॉक आणि लेकरू ज्याला धरून झोपतं ते जे काही असेल ते पिशवीत टाका. ओवी माझी जुनी ओढणी धरून झोपते, ती तिथंच खुंटीला टांगलेली असते.