उमराण सांगून रानबोरं गळ्यात मारली, कलमं घेताना पट्टी सोडून बघा

बोर लावणार असाल तर हे वाचा आणि मगच ॲडव्हान्स द्या. आमचं रान सांगोल्याकडं, मुरमाड, पाण्याची कायमची बोंब, म्हणून उमराण, म्हणजे मोठ्या गोड फळाची बोराची जात, लावायचं ठरलं. एक नर्सरीवाला टेम्पो घेऊन दारातच आला, बोलायला एकदम गोड, दादा दादा करत प्रत्येक रोपाच्या खोडाला कलमाच्या जागी गुंडाळलेली पट्टी दाखवली, डोळा भरलेला माल आहे, म्हणजे रानबोरीच्या रोपावर उमराणाचा डोळा (कोंब) बसवून केलेलं कलम आहे म्हणाला आणि साध्या रोपाच्या तिप्पट भाव लावून गेला.

झाडं जोरात आली. येणारच, रानबोरीचं मूळ कातळातसुद्धा वाट काढतं. पण फळ धरलं ते वाटाण्याहून जरासं मोठं, आंबटढाण, आत नुसती बी. उमराण असतं तर सोनेरी पिवळं होऊन पिकल्यावर चॉकलेटी पडलं असतं.

फोन केला तर साहेब म्हणतात, तुम्ही खालचे फुटवे काढले नाहीत, रानटी फुटव्यानं डोळा मारला. आता गंमत बघा, हे असं खरंच होतं, डोळ्याच्या खालनं फुटवे सारखे येतात आणि सोडले तर झाड रानटीच होतं, त्यामुळं शेतकरी गप बसतो. पण आमच्याकडं काही रोपं पिशवीतच शिल्लक होती, त्यांची पट्टी सोडली तर खाली साल कोरी, चाकूचा ओरखडासुद्धा नाही. खऱ्या कलमात बसवलेल्या डोळ्याचा व्रण दिसतो, आणि वरचा रानटी शेंडा छाटलेला असतो म्हणून तिथं खोडाला कोपरासारखा बाक येतो. आमची रोपं खालून वर सरळसोट, पानं पण बारकी.

बिलावर काय, तर ‘बोर रोपे’. कलम नाही, जात नाही, परवाना नंबर नाही. फळझाडांच्या नर्सरीला परवाना लागतो, 1969 चा कायदा आहे, पण असल्या चिठ्ठीवर भांडायचं कुणाशी?

झाडं मात्र उपटली नाहीत. उन्हाळ्यात गुडघ्याएवढी ठेवून छाटायची, नवीन फुटीतली एकदोन जोमदार राखायची आणि पावसाळ्यात त्यावर फळ देणाऱ्या उमराणाचे डोळे भरून घ्यायचे. तसंही जुनी माणसं रानबोरीचं बी जागेवरच लावून तिथंच डोळा भरतात, कारण सोटमूळ सरळ खाली जातं, पिशवीत ते गुंडाळतं. डोळे भरणाऱ्याशी मजुरी ठरवलीय ती भरलेल्या डोळ्यावर नाही, फुटलेल्या डोळ्यावर.