शिफ्ट लेन्स, आठ महिने: घर वाकडं की कॅमेरा?

२४ मिमीची ही शिफ्ट लेन्स मी एकाच वैतागापोटी घेतली. जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांचे फोटो काढताना कॅमेरा वर उचलला, की वरचा मजला मागे कलंडायचा. शिफ्ट लेन्समध्ये कॅमेरा समपातळीतच ठेवायचा आणि लेन्स वर सरकवायची. १० मीटरवरून १२ मिमी सरकवली की फोटोची चौकट ५ मीटर वर जाते. कॅमेरा उभा धरला तर पायरीपासून आढ्यापर्यंत सगळं घर मावतं.

पण रेषा सरळ करणं हा हिचा किरकोळ गुण निघाला. खरं काम पुढे आहे: घराचा स्वतःचा वाकडेपणा ती जसाच्या तसा ठेवते. ही घरं बहुधा ओल्या ओकची, कारण ओलं लाकूड पटाशीखाली सहज कापलं जातं. मग ते जागच्या जागी वाळतं, आखडतं, पिळतं. इंग्लंडमधल्या लॅव्हनममध्ये तर ओळंब्यात असलेला खांब शोधावा लागतो. पूर्वी मी साध्या लेन्सने फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये 'आपोआप सरळ' करत असे. ते बिचारं कललेल्या खांबालाच उभी रेषा समजे आणि शतकांचा कल एका क्लिकमध्ये पुसून टाके. वर शेजारची धडधाकट खिडकी तिरकी करून ठेवे, ते वेगळंच. आता घराला काही विचारत नाही, फक्त स्पिरिट लेव्हलच्या बुडबुड्याला विचारतो.

बारकाव्यांसाठी मात्र ही लेन्स अर्धीच उपयोगाची. पुढे आलेल्या मजल्याखालच्या तुळयांची टोकं, कोपऱ्यातले कोरीव आधार, हे झकास येतं. सुतारांच्या खुणा टिपायला मी १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्सच काढतो. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवत, सांध्यांवर आकडे कोरत, मग सुटा करून जागेवर उभा करत. एका तिरक्या आधारावर मला दुपारच्या उजेडात काहीच दिसत नव्हतं. टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि चार उभ्या रेघा वर आल्या, रोमन आकड्यांच्या घड्याळाच्या तबकडीवर चार असतो तशा. शेजारच्या खांबावर त्याच चार. शेवटची रेघ जरा लांबलेली, पटाशी निसटली असावी. समोरून फ्लॅश मारला असता तर हे सगळं सपाट झालं असतं. सांध्यातल्या खुंट्यांनाही असाच आडवा उजेड द्या. काहींची डोकी बोटाच्या पेरभर बाहेर आलेली असतात.

तक्रारी? ऑटोफोकस नाही, त्याचं काही वाटत नाही. घरं कुठे पळून जातात? उजेड मात्र लेन्स सरकवण्याआधीच मोजून घ्यावा, नंतरचं माप फसवं येतं. काळं लाकूड आणि पांढरा चुना असलेल्या भिंतीवर तर ती चूक लगेच दिसते. पूर्ण १२ वर कोपरे मऊ पडतात, म्हणून मी शक्यतो ९-१० वरच थांबतो. टिल्ट, म्हणजे लेन्स तिरकी करायची सोय, आठ महिन्यांत तीनदा वापरली असेल.

सगळ्यात मोठा मनस्ताप शिफ्टच्या स्क्रूचा. लेन्सच्या वजनाने तो हळूहळू सैल पडतो. एका सकाळी तीन तुकड्यांत जोडायच्या दर्शनी भिंतीचे फोटो काढले. घरी आल्यावर कळलं, मधल्या तुकड्यात लेन्स २ मिमी खाली उतरली होती आणि वरची तुळई जुळेना. आता स्क्रू आवळून वरून कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावतो. दिसायला भिकार, पण १० वर लावली की १० वरच राहते.