वनाज ते पिंपरी, रोज मेट्रोने: वर्षभरानंतरचा अनुभव

पुणे मेट्रोची गाडी उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढची कुरकुर वाचून लोक मला मेट्रोविरोधी ठरवतील. मी कोथरूडला राहते, नोकरी पिंपरीत. कोथरूडच्या वनाज स्टेशनला बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, पिंपरीतल्या पीसीएमसी स्टेशनला उतरायचं. भाडं 35 रुपये, म्हणजे या मेट्रोचं सर्वांत जास्त. शनिवार-रविवारी 30 टक्के सवलत असते. विद्यार्थ्यांना ती रोजच.

हाच प्रवास मी आधी बऱ्याच प्रकारांनी केलाय. नोकरीला लागले तेव्हा पुण्याची पीएमटी बस वेगळी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी बस वेगळी होती. 2007 साली दोन्ही एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, पण आमच्या घरात आजही बसला पीएमटीच म्हणतात. मग काही वर्षं शिवाजीनगरहून लोणावळा लोकल धरली. 1978 पासून धावणारी ही लोकल सकाळी जायला अजूनही सर्वांत स्वस्त पडते. पण दुपारची पाळी लागली की खेळ खल्लास, कारण भरदुपारी तासन् तास लोकलच नसते. शेवटी सगळे पुणेकर करतात तेच केलं, दुचाकी घेतली. संचेती, वाकडेवाडी, खडकी, हॅरिस पूल. पावसाळ्यात त्या रस्त्याने मान, पाठ आणि सहनशक्ती या तिन्हींची परीक्षा घेतली.

6 मार्च 2022 ला मेट्रो सुरू झाली तेव्हा ती माझ्या कामाची नव्हती. एक तुकडा वनाज ते गरवारे, दुसरा पीसीएमसी ते फुगेवाडी, आणि मधलं सगळं पुणे गायब. लोक नातवंडांना घेऊन नुसते फिरून यायचे. 1 ऑगस्ट 2023 ला दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टला भेटले, तिथून ही खरी वाहतूक झाली. पुढे मार्च 2024 मध्ये रामवाडी आणि सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेट जोडलं गेलं. मी मात्र दुचाकीचा मोठा खर्च निघेपर्यंत हललेच नाही.

सिव्हिल कोर्ट स्टेशनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण रोजचा दिवस तिथेच ठरतो. वनाजची गाडी डोक्यावरच्या पुलावर थांबते आणि पिंपरीची जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. मधे सरकत्या जिन्यांची माळच आहे. पूर्वी इथे सरकारी धान्य गोदामं होती. आता छतातून ऊन आत उतरतं आणि मान वर करून बघावंसं वाटतं, पण सकाळी नऊला मान वर करायची सोय नसते. मागून लोंढा येत असतो. जिन्याच्या तोंडाशी एखाद्या काकू पाय टाकू की नको अशा उभ्या राहतात, पिशवी एका हातात, पदर दुसऱ्या हातात, आणि मागची तरुण मुलगी "काकू, पट्टा धरा आधी" म्हणून त्यांचा दंड धरते. लिफ्टपाशी रांग असते. गुडघे दुखणाऱ्यांनी या बदलासाठी पाच-सात मिनिटं जास्तीची धरूनच निघावं. खाली पोचल्यावर गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांत गाडी मिळते. तीनच डबे असल्याने बसायला मिळेलच असं नाही.

रेंजहिल्सच्या बाजूला गाडी बोगद्यातून वर येते आणि डब्यातले सगळे फोन एकदम टुणटुणायला लागतात. दापोडीजवळ मुळा ओलांडताना हॅरिस पुलावरची रांग दिसते. रोज दिसते, तरी रोज आनंद होतो. माणूस दुष्टच.

आता कुरकुर. गाडीतला वेळ कधीच खटकत नाही, खटकतो तो स्टेशनच्या पायऱ्या उतरल्यानंतरचा. फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात आणि जोड बस कधी येईल त्याचा नेम नाही. शेअर रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. एकाच ॲपवर बसचं आणि मेट्रोचं तिकीट मिळतं, त्याचं कौतुक आहे, पण तिकिटं दोन ती दोनच. त्यात 1 जून 2025 पासून बसचा दिवसाचा पास 40 वरून 70 आणि महिन्याचा 900 वरून 1500 रुपये झाला. मला मेट्रोचे जाऊन-येऊन 70 लागतात. दोन्ही टोकांना बस लागणाऱ्या माणसाने तेवढेच पुन्हा बसला द्यायचे, तर त्याने दुचाकी का सोडावी?

मला हे धोरणच उलटं वाटतं. 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी स्वतंत्र मार्गिका, आणून पुण्याने देशात पहिला मान मिळवला. नंतर ती जपली नाही. नगर रस्त्यावरची तर काढूनच टाकली, आणि त्याच रस्त्यावर मेट्रो रामवाडीला येऊन संपते. पुढे वाघोलीपर्यंतची माणसं कशाने जाणार होती? आता रामवाडी-वाघोली आणि वनाज-चांदणी चौक या वाढीव मार्गांना केंद्राने 2025 मध्ये मंजुरी दिली आहे, मंजूर खर्च सुमारे 3626 कोटी. ते व्हायला वर्षं लागतील. बसची मार्गिका होतीच, ती राखायला यातले किती लागले असते?

तरी मंडई स्टेशनासाठी मी मेट्रोवाल्यांना बरंच माफ करते. आई सत्तरीची आहे. मंडई-तुळशीबाग तिने पार्किंगच्या धास्तीने सोडूनच दिली होती. आता रविवारी सवलतीच्या भाड्यात आम्ही जातो, ती तासभर भाव करते, मी पिशव्या धरते. विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालू होती, तेव्हा पेठांतल्या गर्दीत गाडी कुठे लावायची हा प्रश्नच आला नाही. लकडी पुलावरून मेट्रो गेली तर मिरवणुकीचे रथ अडतील म्हणून 2021 मध्ये केवढा वाद झाला होता, तो आठवून हसू येतं.

गाडीला पाचपैकी साडेचार, स्टेशनबाहेरच्या व्यवस्थेला दोन. घर आणि ऑफिस दोन्ही स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांत असेल तर डोळे झाकून मेट्रो धरा. एका टोकाला बस लागत असेल तर आधी आठवडाभर त्या बसची वेळ बघा. दोन्ही टोकांना रिक्षा लागत असेल तर दुचाकी विकायची घाई करू नका, मीही अजून विकलेली नाही.