तुटलेला शाफ्ट आणि हिंगण्याची धातुचाचणी प्रयोगशाळा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा लेथचा छोटा कारखाना आहे आणि कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयरच्या पुलींचे शाफ्ट आम्ही बनवून देतो. गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी एक शाफ्ट चौथ्याच महिन्यात बेअरिंगच्या खांद्यापाशी, म्हणजे जिथे त्याचा व्यास पायरीसारखा कमी होतो तिथे, तुटला आणि माल हलका वापरल्याचा ठपका आमच्यावर आला. आम्ही तुकडा पहिल्यांदा जिथे दिला, तिथून तीन दिवसांत एका पानाचा अहवाल मिळाला: रासायनिक घटक ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या मर्यादेत, ताणसामर्थ्य मर्यादेत, कडकपणा मर्यादेत. त्यात खोटे काहीच नव्हते. पण शाफ्ट का तुटला, या आमच्या एकमेव प्रश्नाचा त्यात उल्लेखही नव्हता. म्हणून आम्ही याच वसाहतीतील दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो, आणि हा अभिप्राय तिच्याविषयी आहे.

तिथे अर्ज भरून घेण्याआधी प्रश्न विचारले जातात. शाफ्ट मिनिटाला किती फेरे फिरत होता, पट्ट्यावर भार किती, ड्रॉइंग कुठे आहे, खांदा कोणत्या टूलने घेतला, हे सगळे तिथल्या अभियंता मॅडमनी लिहून घेतले. त्यांचा पहिला प्रश्न मात्र असा होता, "भाऊ, तुटलेली तोंडं एकमेकांना लावून पाहिलीत का?" आम्ही एका अर्ध्याचा गंज तारेच्या ब्रशने काढून टाकला होता, त्यामुळे त्यावरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. दुसरा अर्धा तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असल्याने वाचला, आणि पुढचा सारा तपास त्याच्यावर झाला.

तो तुकडा त्यांनी तिरप्या उजेडात धरून मला दाखवला, तो क्षण मी विसरणार नाही. उन्हाळ्यात फुटाळा तलावाचे पाणी ओसरते तशा काठावर एकाखाली एक रेषा उमटत जातात; तशाच बारीक, वक्र रेषा काठापासून आत सरकत गेल्या होत्या, म्हणजे तडा एकदम नव्हे, तर थोडा थोडा पुढे सरकला होता. शाफ्टच्या कडेला एकाच ठिकाणी नव्हे, तर पाच-सहा ठिकाणी लहान पायऱ्या दिसत होत्या, म्हणजे तडे एकाच वेळी अनेक जागी सुरू झाले होते. शेवटी एका झटक्यात तुटलेला खरखरीत भाग मात्र जेमतेम एक दशांश होता. याचा अर्थ त्यांनी शांतपणे उलगडून सांगितला: शाफ्टवर एरवी येणारा ताण कमीच होता, कारण भार जास्त असता तर इतका थोडा भाग उरेपर्यंत शाफ्ट टिकलाच नसता, आणि तडे अनेक जागी सुरू झाले, कारण खांद्याच्या कोपऱ्यात ताण एकवटत होता.

मग खांद्याची गोलाई मोजली. व्यास ७५ मिलिमीटरवरून ६० वर उतरत होता. ड्रॉइंगमध्ये ३ मिलिमीटर रेडियस होता, प्रत्यक्षात निघाला ०.६. सूत्राने पाहिले तर वाकण्यातला ताण ३ मिलिमीटरला त्या कोपऱ्यात सुमारे १.९ पट होतो, ०.६ ला अडीच पटीहूनही जास्त. मिनिटाला ६० फेरे फिरणारा शाफ्ट दिवसाला ८६,४०० वेळा उलटसुलट वाकतो, तेव्हा एवढा फरक निर्णायक ठरतो. दोष आमच्या टर्निंगचा होता, धातूचा नव्हता. हे ऐकणे जड गेले, पण आम्हाला हवे होते ते उत्तर हेच होते.

ताण चाचणीची खोली वातानुकूलित आहे आणि अहवालात तापमान नोंदवलेले असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि धातूंच्या ताण चाचणीच्या भारतीय मानक १६०८ मध्ये सामान्य तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस धरले आहे, त्यामुळे ही नोंद महत्त्वाची आहे.

या सेवेतला सर्वांत मौल्यवान भाग अहवालाच्या बाहेर आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे मोठ्या टेबलाभोवती कारखानदार, टर्नर आणि शहरातले संशोधक विद्यार्थी जमतात आणि ज्याने त्याने आपला तुटलेला भाग समोर ठेवायचा असतो. रेल्वेच्या आसांवर वोलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात केलेल्या चाचण्यांपासून, म्हणजे धातू सोसू शकतो त्यापेक्षा बऱ्याच कमी ताणानेही तो वारंवार वाकवल्यास तुटतो इथपासून, बोलणे सुरू झाले आणि आमच्या शाफ्टवर येऊन थांबले. खांद्यावर रोलर दाबून पृष्ठभागात दाबाचा ताण भरला तर आयुष्य किती वाढेल, आणि आमच्या साध्या लेथवर तो दाब सगळीकडे सारखा राहील का, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने मांडला. त्याचे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही. आता तिच्यासाठी आम्ही सहा नमुने टर्न करून देणार आहोत, तीन रोल केलेले आणि तीन तसेच. मोठ्या संस्थेच्या दारात न जाता असा प्रश्न हाती घेता येतो, हे मला फार मोलाचे वाटते.

उणिवाही आहेत. पहिल्या अहवालातील छायाचित्रांवर मोजपट्टी नव्हती. सांगितल्यावर सुधारून दिली, पण ती आधीच असायला हवी होती. सूक्ष्मदर्शकाखालच्या बारीक छायाचित्रणासाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो, त्यात आमचे नऊ दिवस गेले. शनिवारच्या चर्चेची नोंद कोणी ठेवत नाही, त्यामुळे एकदा सुटलेला प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवला जातो. मालकांच्या परवानगीने तुटलेल्या भागांची वही ठेवावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे. खर्च साध्या चाचणीच्या तिप्पट येतो. ज्यांना निविदेला जोडायला केवळ प्रमाणपत्र हवे आहे, त्यांनी तो करू नये. ज्यांचा भाग तुटला आहे, त्यांनी मात्र तो न घासता, तोंडे न जुळवता, कोरड्या कापडात गुंडाळून ड्रॉइंगसह इथे न्यावा.