फार्न्सवर्थ-मन्सेल 100 ह्यू टेस्ट: संच उत्तम, पण दिव्याकडे आधी बघा

डोळ्याला रंगछटांमधले बारीक फरक किती ओळखता येतात, हे रंगीत टोपणांनी तपासणारा हा संच. नावात 100 असलं तरी यात हलवायची टोपणं 85च आहेत. डीन फार्न्सवर्थ यांनी ही चाचणी 1943 साली मांडली. चार पेट्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना पक्कं बसवलेलं एकेक टोपण, आणि मधली सरमिसळ रंगाच्या क्रमाने लावायची. सगळ्या टोपणांचा उजळपणा जवळपास सारखा असल्याने फिकट-गडद बघून क्रम लावता येत नाही. संचाची खरी किंमत यातच आहे.

इशिहाराचे तक्ते, म्हणजे रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायची चित्रं, लाल-हिरव्यातला जन्मजात दोष झटकन पकडतात, निळ्या-पिवळ्यातला मात्र त्यांच्या हाती लागत नाही. काचबिंदू किंवा मधुमेहात रंगदृष्टी ढासळली, तर किती ढासळली हे आकड्यात सांगायला हा संच हवाच. अशा वेळी एकेक डोळा झाकून तपासा. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा दुसऱ्याचा दोष लपवतो.

गुण काढताना टोपणाच्या तळाशी छापलेला आकडा आणि दोन्ही शेजाऱ्यांचे आकडे यांतले फरक मिळवायचे, मग 2 वजा करायचे. बाकी सगळं जागेवर असून 10, 12, 11, 13 असा क्रम लागला, तर ही एक अदलाबदल चारही टोपणांना एकेक चूक देते, एकूण 4. सगळी बेरीज 20पर्यंत असेल तर नजर तल्लख, 20 ते 100 सर्वसाधारण. हाताने 85 टोपणांचं गणित फार किचकट, सॉफ्टवेअर वापराच. आणि नुसत्या बेरजेवर थांबू नका. प्रत्येक टोपणाची चूक दाखवणाऱ्या वर्तुळाकार आलेखात चुका समोरासमोर दोन ठिकाणी उसळल्या तर दोषाचा अक्ष, म्हणजे दोष लाल-हिरव्यातला की निळ्या-पिवळ्यातला, हे कळतं. सगळीकडे विखुरल्या तर घाई, थकवा किंवा एकूणच मंदावलेली रंगदृष्टी.

दिवा 6500 केल्विनच्या आसपासचा, दिवसाच्या उजेडासारखा हवा. पिवळ्या बल्बखाली निळ्या भागातले फरक पुसट होतात आणि निरोगी डोळाही दोषी ठरतो. उजेड मंद असला तरी चुका वाढतात.

मर्यादाही मोठ्या आहेत. सौम्य जन्मजात दोष असलेले बरेच जण यात सहज पास होतात, म्हणून पहिल्या चाळणीसाठी हा संच घेऊ नका. दोषाचा नेमका प्रकार ठरवायला लाल-हिरवा प्रकाश मिसळून पिवळ्याशी जुळवायला लावणारं यंत्र, म्हणजे अ‍ॅनोमॅलोस्कोपच लागतो. दुसऱ्या खेपेला सरावानेच गुण सुधारतात, तेव्हा उपचाराचा गुण आला असं लगेच मानू नका.

टोपणं काळ्या कडेलाच धरा. बोटांचं तेल रंगाच्या पृष्ठावर बसलं की छटा बदलते, आणि ती पुसून परत येत नाही. वापरलेला संच घेताना हे आधी तपासा.