नायफायमध्ये रिक्वेस्टचे हेडर पकडायचेत? लिसनएचटीटीपी घ्या, पण रेजेक्स जपून

वेबहुक (काही घडलं की दुसरी सिस्टीम आपल्याकडे पाठवते ती एचटीटीपी रिक्वेस्ट) घ्यायचेत आणि बॉडीसोबत, म्हणजे मुख्य मजकुरासोबत, हेडरपण पुढे न्यायचेत, तर अपाची नायफाय या डेटा इकडून तिकडे नेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रोसेसर (एकेक काम करणारे तयार ठोकळे) आहेत, लिसनएचटीटीपी आणि हँडलएचटीटीपीरिक्वेस्ट. दोन्ही वापरलेत, आणि माझं मत सरळ आहे, नुसतं घेऊन पुढे ढकलायचं असेल तर पहिलाच घ्या.

मुळात फीचर मस्तच आहे. आलेल्या रिक्वेस्टची नायफायमध्ये फ्लोफाइल बनते, हेडर त्या फ्लोफाइलचा अ‍ॅट्रिब्यूट (नाव आणि किंमत अशी जोडी) होऊन येतो, बॉडी जशीच्या तशी राहते. आता गिटहबचंच बघा, कुठला इव्हेंट आहे ते एक्स-गिटहब-इव्हेंट या हेडरमध्ये येतं, म्हणजे जेसन न उघडताच राउटऑनअ‍ॅट्रिब्यूट हा वाट ठरवणारा प्रोसेसर लावून पुश इकडे आणि इश्यू तिकडे असं करता येतं, शिवाय सिग्नेचर (रिक्वेस्ट खरंच गिटहबकडूनच आली का याची खूण) तपासायला मूळ बाइट्स लागतात ते पण हातात असतात.

लिसनएचटीटीपीमध्ये कुठले हेडर घ्यायचे ते रेजेक्सने (मजकूर जुळवायच्या पॅटर्नने) सांगायचं. ती प्रॉपर्टी रिकामी सोडली तर एकही हेडर येत नाही आणि एररही दिसत नाही, मग माणूस पाठवणाऱ्याला दोष देत बसतो. रेजेक्स हेडरच्या पूर्ण नावाला जुळावा लागतो, नुसतं सुरुवातीचं 'एक्स-गिटहब' लिहून भागत नाही, शेवटी डॉट-स्टार (.*, म्हणजे पुढे काहीही चालेल) हवंच. आणि लहान-मोठ्या लिपीचा फरक! एचटीटीपीच्या नियमात हेडरच्या नावाला तो फरक नाही, एचटीटीपी/२ वर तर नावं लहान अक्षरातच जातात, पण जावाच्या रेजेक्सला फरक पडतो, त्यामुळे केस-इनसेन्सिटिव्ह फ्लॅग आधीच टाकून मोकळं व्हा.

हँडलएचटीटीपीरिक्वेस्ट सगळेच हेडर उचलतो, वर मेथड, क्वेरी पॅरामीटर, रिमोट होस्ट पण देतो. उत्तर स्वतः बनवून पाठवायचं असेल तर हाच लागतो, फक्त पुढे हँडलएचटीटीपीरिस्पॉन्स जोडायला विसरलात तर समोरचा टाइमआउट होईपर्यंत लटकून राहतो.

पण "सगळेच" मध्ये ऑथोरायझेशन (लॉगिनचा टोकन असलेला हेडर) आणि कुकीपण आले ना! नायफाय प्रोव्हेनन्समध्ये (कुठल्या फ्लोफाइलचं काय झालं त्याच्या नोंदवहीत) अ‍ॅट्रिब्यूट साठवतो, म्हणजे ज्याला प्रोव्हेनन्स बघायची परवानगी आहे त्याला टोकन चक्क वाचता येतो, आणि नंतर अपडेटअ‍ॅट्रिब्यूटने डिलीट केला तरी आधीच नोंदलेला इव्हेंट काही बदलत नाही. इथे मला हेडर वगळायची एखादी सोपी यादी आवडली असती. लिसनएचटीटीपीमध्ये निदान निवड आपल्या हातात असते, पण तिथेही आळस करून नुसतं डॉट-स्टार टाकलं की तीच गत.

अजून एक, अ‍ॅट्रिब्यूट मेमरीत राहतात, बॉडीसारखे डिस्कवरच्या कंटेंट रिपॉझिटरीत जात नाहीत, तर ट्रॅफिक जास्त असेल तेव्हा लांबलचक हेडर गोळा केले की हीपवर (जावाच्या मेमरीवर) ताण येणारच. लागणारे दोन-चार घ्या, बाकीचे दारातच सोडा.